सतरा टेक आणि एक जिताडा

डोंबिवली पूर्व,
बुधवार, १६ ऑक्टोबर १९९६

रतन,

वरच्या मजल्यावरच्या सरस्वतीने तुला टेंभी नाक्यावर देवीच्या रांगेत पाहिलं. काल संध्याकाळी ती मुद्दाम खाली आली, पंख्याखालची खुर्ची धरली, चहा संपवला आणि मग म्हणाली, "सुहासिनीताई, अभिनंदन हं! रतनला सहावा ना?" मी म्हटलं, "हो, सहावाच." मला काडीची कल्पना नव्हती. पंचवीस वर्षं नाटकात काढल्याचा एवढा तरी उपयोग, की चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

म्हणजे आपण आजी होणार ही बातमी मला देवीच्या रांगेतून, सरस्वतीमार्फत आली. छान. तिने आतापर्यंत अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं असेल. त्या बाईच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही.

मी रागावलेले नाही. रागवायला संबंध लागतो. डोंबिवली आणि ठाण्याच्या मध्ये दिवा, मुंब्रा आणि कळवा एवढीच स्टेशनं आहेत, आणि तुला चार वर्षांत ती ओलांडता आली नाहीत. एवढं रुसायला काय झालं होतं तेही मला आता नीट आठवत नाही. त्या रविवारचं काहीतरी होतं. तुम्हा मंडळींना गोष्टी मनात धरून ठेवायची भारी हौस.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात, सातव्यात मुलीला घेऊन येतात. ही रीत मी काढलेली नाही. आग्रहही करत नाही. चेंदणी कोळीवाड्यात तुझी बडदास्त उत्तम असेल, खाडीचा वारा असेल, वासासकट. फक्त माहितीसाठी लिहिते, की इथली आतली खोली रिकामी आहे आणि तिथला पंखा मी दुरुस्त करून घेतला आहे.

माझं म्हणशील तर काम मिळालं आहे. नाटकात आईची भूमिका करायला आता माझ्याहून दहा वर्षांनी लहान बाया घेतात, तेव्हा मी डबिंग करते. केबलवाल्यांसाठी परदेशी सिनेमे हिंदीत करून देणारा एक इसम आहे. नाव देवराम, पण कार्डावर डेव्ह छापतो. सध्या स्पेनमधला एक भुताटकीचा सिनेमा चालू आहे. त्यातलं भूत मी आहे.

हस. तुला हसू येणारच.

सुहासिनी


डोंबिवली,
शुक्रवार, २५ ऑक्टोबर १९९६

रतन,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमनला दोनदा विचारलं, कारण हल्ली पोस्टाचा काही भरवसा नाही.

सिनेमाबद्दल लिहिते. दुसरं लिहिण्यासारखं काही घडत नाही.

स्पेनमध्ये, गावाबाहेर, शेतांच्या मधोमध एक दुमजली दगडी घर आहे. डेव्हच्या यादीत सिनेमासाठी पाच हिंदी नावं आहेत आणि पाचही नावांत हवेली आहे. मी त्याला सांगितलं, अरे, ही हवेली नाही, शेतावरचं घर आहे, मागे डुकरांचा गोठा दिसतोय. तो म्हणाला, "ताई, गोठेवाला भूत कोण बघणार?" अशा विद्वानाच्या हाताखाली मी काम करते.

त्या घरात शहरातून एक नवराबायको राहायला येतात. बायको गरोदर. गावकरी सांगतात, त्या घरात राहू नका. ते तिथेच राहतात. रोज संध्याकाळी ती बाई सगळी दारं लावते आणि पाच मिनिटांनी बघते तर सगळी उघडी. आपल्याकडची कुठलीही बाई दुसऱ्या दिवशी सामान बांधून आईकडे गेली असती. ही मेणबत्ती घेऊन तळघरात उतरते. एवढं मोठं घर, आणि झाडायला एक बाई नाही. जळमटं अशी, की भुताला राहायलाही लाज वाटावी. दीड तास लोक जिने चढतात आणि उतरतात, दर दहा मिनिटांनी कोणीतरी किंचाळतं, आणि याला म्हणे तिथे बक्षीस मिळालं आहे.

मी त्या घराची जुनी मालकीण. मेलेली. काळा झगा, केस पांढरे, चेहरा चुना लावल्यासारखा. जवळजवळ सगळा वेळ मी नुसता श्वास घेते. श्वासाचे पैसे डेव्ह वेगळे देत नाही. शेवटी मात्र एक वाक्य आहे. ती मालकीण उंबरठ्यावर उभी राहते आणि त्या गरोदर मुलीला म्हणते, "अंदर आ जा, बेटी. दरवाजा खुला है."

बस, एवढंच. तोच तुकडा पडद्यावर पुन्हा पुन्हा लावतात. कानात हेडफोन, समोर ती स्पॅनिश बाई तोंड उघडते, आणि तिच्या ओठांवर आपला शब्द नेमका बसवायचा. त्यात मला कधी अडचण आली नाही. शब्द पहिल्याच वेळी बसला. पण डेव्ह काचेपलीकडून मान हलवत होता. परत. परत. सोळा टेक झाले. सोळाव्यानंतर तो आत आला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही बोलावताय असं वाटतच नाही. हाकलताय असं वाटतं."

त्या पोराला मी काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तू लहान असताना माझे महिन्याला पंचवीस प्रयोग होत. दर प्रयोगाला तिसऱ्या अंकात मी मुलीला सासरी पाठवताना रडायचे, आणि बायकांच्या रांगेत एकही पदर कोरडा राहत नसे. आणि हा मला आईचा आवाज शिकवणार! तो म्हणाला, "ठीक आहे, दिवाळीनंतर बघू." जणू दिवाळीत माझ्यात काही सुधारणा होणार आहे.

तू त्या वेळी सरस्वतीकडे झोपायचीस. हे मध्येच का आठवलं कोण जाणे.

स्टुडिओ ठाण्यातच आहे, नौपाड्यात, एका तळघरात. तिथून तुझं घर किती लांब ते मला माहीत नाही.

सुहासिनी


डोंबिवली,
मंगळवार, ५ नोव्हेंबर १९९६

चि. रतन,

वरचं चि. सवयीने पडलं. खोडत नाही, कागद खराब होतो.

आज सिनेमातला जुन्या काळचा भाग झाला, म्हणजे भूत असं का वागतं त्याचं कारण कळलं. ऐक आणि हस. त्या मालकिणीची एक मुलगी होती. तिने शेतावरच्या गड्याशी लग्न केलं. आईला ते खपलं नाही. मुलगी नवऱ्याला घेऊन दारात आली तेव्हा आईने कडी लावली. पाऊस होता, थंडी होती, मुलगी बाहेर हाका मारत होती. आईने उघडलं नाही. पुढे मुलगी बाळंतपणात गेली आणि आई म्हातारी होऊन मेली. आणि मेल्यावर बाईसाहेबांना उपरती झाली! तेव्हापासून रोज संध्याकाळी घराची दारं उघडत फिरतात.

काय हा मूर्खपणा. जिवंतपणी हात होते, पाय होते, कडी हाताला येत होती. तेव्हा नाही उघडली. आता स्वतः हवेतून आरपार जाते आणि दारं उघडत बसते. आता कोणासाठी? मी डेव्हला म्हटलं, यात घाबरण्यासारखं काय आहे, ही तर निव्वळ बावळट बाई आहे. तो म्हणाला, "ताई, लोकांना रडू येतं इथे." लोकांना काय, कांदा चिरतानाही येतं.

सरस्वतीने परवा चौकशी केली, "कधी आणणार रतनला?" मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. डेव्हचंच वाक्य. वर म्हणते, "तुमचं घर किती स्वच्छ असतं हो, दारातली फरशीसुद्धा आरशासारखी. दर रविवारी धुता ना? रविवारीच ना?" मी दर रविवारी फरशी धुते, हे तिला ठाऊक आहे. रविवार हा शब्द तिने उगाच दोनदा घेतला असं मला वाटलं. संशय वाईट.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. स्टुडिओपासून तुझं घर चालत बारा मिनिटांवर आहे. मी चालून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोनाकडं?" मी म्हटलं, चुकले. आणि परत फिरले.

तुझी प्रकृती कशी आहे? उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

आई


डोंबिवली,
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६

चि. रतन,

परवा पाडव्याला तुझा सहदेव येऊन गेला. तू पाठवलंस की तो आपला आपण आला, मला माहीत नाही. बेल वाजली, दार उघडलं, तर हा बाहेर उभा. वागळे इस्टेटच्या कारखान्यात लेथ चालवणारा माणूस, हाताला ग्रीसचे डाग, अंगात नवा शर्ट, हातात स्टीलचा डबा. मी म्हटलं, "या." म्हणजे तोंडाने म्हटलं. दारात मात्र अशी उभी होते, की माझ्या बाजूने मांजरसुद्धा आत गेलं नसतं.

तो आत आला नाही. वाकून त्याने डबा उंबरठ्याच्या बाहेर, पायरीवर ठेवला. म्हणाला, "फराळ हाय. आईनं दिलाय." मी विचारलं, "आत का नाही येत?" त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "आई बोल्ली, बाहेरनंच दे. आत गेलास तर त्यांना परत धुवायला लागंल."

एवढं बोलून तो जिना उतरला. आवाजात राग नव्हता. रागावून बोलला असता तर मला चार शब्द सुनावता आले असते.

चकल्या मऊ पडल्या होत्या. करंज्यांत सारण कमी. हे मी आधी लिहिते, कारण त्यानंतर मी सगळ्या खाल्ल्या, उभ्याने, ओट्याशी.

तर त्या रविवारचं. मला सगळं आठवतं, रतन. पहिल्या पत्रात नाही म्हटलं होतं. मी नटी आहे, पण तू माझं एकही सोंग कधी खरं मानलं नाहीस.

एप्रिल महिना, १९९२. रजिस्टर लग्नानंतर तुम्ही दोघं पहिल्यांदा आलात, आणि गोदूबाई बरोबर. केसांत अबोली, नवं लुगडं, आणि हातात केळीच्या पानात बांधलेला, हातभर लांब मासा. दारात आल्या, चपला काढल्या, आतल्या बाजूला फरशीवर मांडी घालून बसल्या आणि ते पान माझ्यापुढे सरकवलं. "घ्या, विहीणबाई. खाडीचा जिताडा हाय. हा आमी कुनालाबी नाय देत, मानाच्या मानसालाच देताव." मला वाटलं, माझी खोड काढताहेत. आमच्या घरात कांदासुद्धा सोवळ्यात चालत नसे, आणि ही बाई मासा घेऊन येते! मी म्हटलं, "हे बाहेर ठेवा." विहीणबाई म्हटलं नाही. बाईसुद्धा म्हटलं नाही.

नंतर कोणीतरी मला सांगितलं, की जिताडा बाजारात आला तर त्या महिन्याची कमाई होते, आणि तुझ्या सासूने तो विकला नव्हता. तोपर्यंत तो वॉचमन काळुरामच्या घरी शिजून संपला होता.

चहा अर्धा टाकून तुम्ही उठलात. काळुराम मासा घेऊन गेला. मग मी फिनाईल टाकून बादली आणली आणि दारातली फरशी धुवायला बसले. गोदूबाई पिशवी विसरल्या होत्या. त्या परत आल्या, जिन्याच्या वळणावर थांबल्या. मागे तू होतीस. मी वर पाहिलं.

तू चार वर्षं मला धुण्यासाठी दोष देत असशील. धुणं सोपं होतं. मी तुम्हा दोघींना पाहिलं, आणि थांबले नाही. आणखी एक तांब्या ओतला.

वास मासळीचा होता, म्हणून धुतलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण मासा बाहेरच राहिला होता, पायरीवर. मी जी फरशी धुतली ती आतली. तिथे फक्त गोदूबाई बसल्या होत्या.

तुझी प्रकृती जप. जिने फार चढू नकोस. त्या स्पॅनिश बाईचं पाहून सांगते.

आई


डोंबिवली,
शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. रतन,

डबिंग संपलं. डेव्ह जुन्या सोळांपैकीच एक टेक लावणार होता. म्हणाला, "चालेल ताई, भूतच आहे, थोडं रागीट असलं तर काय बिघडलं." मी त्याला म्हटलं, तुझ्या त्या रद्दी सिनेमाला माझा इतका वाईट आवाज जाता कामा नये. एकदा लाव.

लावलं. ती बाई उंबरठ्यावर आली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी पायरीवरचा स्टीलचा डबा आठवला, आणि जिन्याच्या वळणावरचं ते लुगडं. वाक्य संपलं. मग डेव्ह आत आला आणि त्याने मला पाणी दिलं. मला म्हणाला, "मावशी, घरी सोडू का?" ताईची मावशी झाले. रडल्यावर बाई म्हातारी दिसते, हे नाटकातल्या बाईला ठाऊक असायला हवं होतं.

सतरा टेक. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा आकडा आहे.

या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबर केलंस. ती चुकीच्या माणसाला लिहिली होती. पुढचं तुला नाही.

आई


डोंबिवली पूर्व,
रविवार, १ डिसेंबर १९९६

विहीणबाई गोदूबाई यांना सुहासिनीचा नमस्कार.

तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे रतन तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल. रतन, मध्ये थांबू नकोस आणि तुला लाज वाटेल ते गाळू नकोस. दीड महिना मी एका परक्या बाईच्या तोंडात माझा आवाज घातला. आज माझं बोलणं तुझ्या आवाजात निघू दे. सहदेवलाही जवळ बसव.

गोदूबाई, तुम्ही मला मान दिलात आणि मी तुमच्या बसल्या जागेवर पाणी ओतलं. तुमच्या देखत ओतलं. मासळीचं निमित्त होतं. मला वाटायचं माझं घर तुमच्या घरापेक्षा उंच आहे. ते एका जिन्याएवढंच उंच आहे. त्यात आता एकटी मी राहते, आणि फरशी इतकी स्वच्छ आहे की चार वर्षांत तिच्यावर माझ्या माणसांचं पाऊल उमटलेलं नाही.

मी माफी मागते. हे वाक्य मी आजवर फक्त दुसऱ्याने लिहून दिलेलं म्हटलं होतं. हे माझं आहे, म्हणून इतकं कोरडं झालं.

पुढच्या रविवारी, आठ तारखेला, सकाळी दहा वाजता मी चेंदणीला येते. दोन कामं आहेत. एक, तुमचा फराळाचा डबा परत करायचा आहे. रिकामा देत नाहीत, म्हणून खोबऱ्याच्या वड्या केल्या आहेत. थोड्या करपल्या. चकल्यांना मी नावं ठेवली होती, ते रतनने वाचून दाखवलं असेल तर आता तुमची पाळी.

दुसरं, रतनला बाळंतपणासाठी मागायला येते. ती माझ्याकडे यावी असं मला फार वाटतं. पण ती आता तुमच्या घरची आहे, आणि जिला मी घालवलं तिला नेण्याचा हक्क मला उरलेला नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी वड्या ठेवून परत जाईन, आणि सरस्वतीला काय सांगायचं ते माझं मी बघेन. हो म्हणालात तर तुम्हीही चला. मुलीला बाळंतपणात दोन म्हाताऱ्या लागतात, आणि माझ्यापेक्षा तुमचा हात हलका असणार. मी बाजारातून एक वेगळं पातेलं आणून ठेवलं आहे, मोठं. जिताडा मला शिजवता यायचा नाही, पण चुलीशी बसायला हरकत नाही.

मी गल्लीच्या तोंडाशी आता चुकणार नाही. सरळ तुमच्या दारापर्यंत येईन आणि पायरीखाली उभी राहीन, आपण होऊन आत पाऊल टाकणार नाही. तुम्हाला पायरी धुवायची असेल तर माझ्या देखत धुवा. मी बघत उभी राहीन.

आणि आत बोलवायचं मनात आलं, पण शब्द लगेच तोंडून निघाला नाही, तर मनाला लावून घेऊ नका. मला तो सतरा वेळा म्हणावा लागला. तुम्हाला लागेल तेवढा वेळ घ्या. मी उन्हात थांबते.

तुमची विहीण,
सुहासिनी